लष्करी दफनभूमीच्या विस्ताराचे पर्यावरणीय परिणाम कसे तपासावेत

अमेरिकेतील राष्ट्रीय लष्करी दफनभूमीचा विकास आराखडा अनेक दशकांचा असतो, म्हणून परिणामांची तपासणी बांधकामाच्या काळापुरती न ठेवता शेवटची जागा भरेपर्यंतच्या प्रत्येक टप्प्याची करावी. 1969 च्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्याखालील तपासणीत प्रस्तावासोबत ‘काहीच न करण्याचा’ पर्यायही मांडला जातो. तो उपचार म्हणून उरकू नये; विस्तार न झाल्यास जागा कधी संपेल, हे त्यातूनच स्पष्ट होते.

सर्वाधिक वेळ माती आणि पाण्याला द्यावा. भूजल सर्वांत वर असते त्या ऋतूत चाचणी-खड्डे घ्यावेत. खड्ड्याच्या भिंतीवर राखाडी मातीत तांबूस ठिपके दिसले, तर खड्डा त्या दिवशी कोरडा असला तरी तो थर वर्षातील काही काळ पाण्याने भरलेला राहत असण्याची दाट शक्यता असते. अशा जागी दफनाऐवजी अस्थिकलशांसाठी कोनाड्यांची भिंत सुचवावी. हिरवळीचे सिंचन, खते आणि रस्त्यांवरून ओढ्यात जाणारे पाणी यांचाही हिशेब मांडावा.

जुन्या वृक्षांची नोंद खोडाच्या घेरासह करावी. वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीच्या विस्तारात जुनी वनराई तोडण्यावरून आक्षेप घेतले गेले होते. नवी रोपे लावल्याने परिपक्व झाडांची भरपाई लगेच होत नाही. 1966 च्या ऐतिहासिक वारसा जतन कायद्याच्या कलम 106 खालील सल्लामसलत, म्हणजे ऐतिहासिक स्थळांवर होणाऱ्या परिणामांबाबत वारसा अधिकाऱ्यांशी करायची चर्चा, आराखडा पक्का होण्यापूर्वीच सुरू करावी. अंत्यविधी चालू असताना यंत्रे बंद ठेवण्याची अट, माझ्या मते, अहवालात स्पष्ट शब्दांत असावी.