जुन्या जीप-पिकअपला पुढचे हेवी पाटे कसे बसवावेत

पेट्रोल इंजिनाच्या वजनासाठी घडवलेल्या जुन्या विलीज-महिंद्रा बनावटीच्या अनेक गाड्यांत पुढे डिझेल इंजिन बसवले गेले, काहींवर जाड लोखंडी बंपर चढला, पण पुढच्या कमानीतले (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगमधले) पाटे मात्र मूळचेच राहिले. अशी गाडी नाक खाली घालून उभी राहते, ब्रेक दाबताच पुढे झुकते आणि खड्ड्यात तिचा ॲक्सल रबरी स्टॉपवर आदळतो. येथे हेवी पाटे बसवणे योग्यच आहे. प्रश्न आहे तो किती हेवी, हा.

कमानीचा कडकपणा पाट्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो, जाडीच्या मात्र घनाच्या प्रमाणात. सात पाट्यांच्या संचात त्याच जाडीचा आठवा घातला, तर कडकपणा साधारण 14 टक्क्यांनी वाढतो. पण सगळे पाटे 6 ऐवजी 7 मिलिमीटर जाडीचे घेतले, तर तो जवळजवळ 59 टक्क्यांनी वाढतो. म्हणून कमानवाल्याकडे जाण्यापूर्वी गाडी सपाट जागेवर, नेहमीच्या वजनासह उभी करून दोन्ही बाजूंना ॲक्सलपासून चॅसीपर्यंतची उंची मोजावी आणि कागदावर लिहून ठेवावी. नाक थोडेच बसले असेल, तर एक पाटा वाढवणे मला नेहमीच श्रेयस्कर वाटते, कारण फार कडक कमानीवर चाक रस्त्याला धरून न राहता उड्या मारते. दोन्ही बाजूंचे संच एकाच वेळी बदलावेत.

आदल्या रात्री सर्व नटांवर गंज सोडवणारे तेल टाकून ठेवावे. सकाळी मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावावेत, पुढची बाजू जॅकने उचलून चॅसीखाली, कमानीच्या मागच्या ब्रॅकेटच्याही मागे, लोखंडी घोड्या लावाव्यात आणि चाके काढावीत. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. एका वेळी एकाच बाजूचे काम करावे, ॲक्सलला खालून जॅकचा आधार ठेवावा आणि तो खाली करताना ब्रेकच्या नळीला ताण बसत नाही, हे पाहत राहावे.

त्यानंतर शॉक ॲब्सॉर्बर, यू-बोल्ट (कमान ॲक्सलला आवळणारे यू आकाराचे बोल्ट), शॅकल (कमानीचे एक टोक चॅसीला जोडणारी डुलती कडी) आणि मागची पिन या क्रमाने सोडवावे. सर्वांत जुन्या गाड्यांच्या शॅकलवर आटे असतात आणि त्यांतील काही उलट्या आट्यांचे असतात. पाना लावूनही बुश (सांध्यातील नळीसारखा भाग) हलत नसेल, तर जोर करण्याआधी आट्यांची दिशा तपासावी, कारण चुकीच्या दिशेने दिलेल्या एका झटक्यात आटे कायमचे जातात.

नवा संच चढवताना सेंटर बोल्टचे (सर्व पाटे मधोमध जोडणाऱ्या बोल्टचे) डोके ॲक्सलवरील बैठकीच्या भोकात नीट बसले आहे, याची बोटाने चाचपून खात्री करावी. ते काठावर राहिले, तर यू-बोल्ट आवळल्यासारखे वाटतात, पण ॲक्सल तिरका राहतो आणि गाडी एका बाजूला ओढते. जुने यू-बोल्ट ताणलेले असतात, त्यामुळे ते पुन्हा वापरू नयेत; संच जाड झाल्याने नवे अधिक लांबीचेच लागतात. चारही नट आलटून-पालटून, समोरासमोर, थोडे थोडे आवळावेत आणि शेवटचा जोर त्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानेच द्यावा.

रबरी बुश असतील, तर पिन आणि शॅकलचे नट या टप्प्यावर केवळ हाताने बसवावेत. चाके लावून गाडी जमिनीवर उतरवावी, बंपर दाबून तिला दोन-चार वेळा हलवावे आणि मगच ते नट पूर्ण आवळावेत. हवेत लोंबकळत्या ॲक्सलवर ते आवळले, तर गाडी खाली येताच रबर पीळ खाते आणि लवकरच फाटते. या एका चुकीमुळे चांगले पाटे विनाकारण बदनाम होतात. आट्यांचे शॅकल मात्र ग्रीस भरल्यावर हाताने मोकळेपणी डुलले पाहिजे.

आता उंची पुन्हा मोजून कागदावरील आकड्यांशी ताडून पाहावी. नाक उचलले गेल्यावर कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागेपुढे कल) बदलतो आणि तो कमी झाला, तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही. तेव्हा कमान आणि ॲक्सल यांच्यामध्ये योग्य कोनाची लोखंडी पाचर बसवून घ्यावी लागते. शॉक ॲब्सॉर्बर आणि ब्रेकची नळी वाढलेल्या उंचीला पुरतात का, तेही पाहावे. पहिल्या 100 ते 150 किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळावेत, कारण नवे पाटे एकमेकांवर बसताना ते हमखास ढिले पडतात. पाटे हेवी झाले, तरी नोंदणी प्रमाणपत्रावरील भारमर्यादा तीच राहते आणि ब्रेकही जुन्याच वजनासाठी बनवलेले असतात, त्यामुळे हौद्यात त्याहून अधिक माल भरू नये.