इलेक्ट्रिक बाइकच्या डिकीचं झाकण नीट कसं बसवावं

इलेक्ट्रिक बाइकला पेट्रोलची टाकी लागत नाही, म्हणून काही मॉडेलांत त्या जागी झाकणाची छोटी डिकी देतात. कल्पना झकास. पण माझ्या गाडीत झाकणाच्या डावीकडे काडी जात नव्हती आणि उजवीकडे बोट जाईल एवढी फट होती. खटका लागायला वरून बुक्की मारावी लागायची. त्यात इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे डिकीतली खडखड प्रत्येक खड्ड्याला स्पष्ट ऐकू यायची.

वॉरंटी असेल तर आधी फोटो काढून तक्रार नोंदवा. मी नोंदवली. सर्व्हिस सेंटरने दोनदा गाडी ठेवून घेतली आणि दोन्ही वेळा एकच इलाज झाला: जुन्या रबरावर आणखी एक जाड रबर. व्हिडिओंमध्येही हाच सल्ला मिळतो. हा सल्ला ऐकूच नका. जाड रबर झाकणाला वर ढकलतं, बिजागरीवर ताण येतो, खटका आणखी कडक होतो आणि फट जिथल्या तिथे राहते. पहिल्या पावसात माझ्या डिकीत आरसी बुकाचा लगदा झाला तो या दुहेरी रबरामुळेच.

गाडी बंद करा, किल्ली काढा, डिकी रिकामी करा. कडेला साच्यातून निघालेली धारदार किनार असेल तर ४०० नंबरच्या पाण्याच्या पॉलिश पेपरने मारा. हे दहा मिनिटांचं काम.

आता खरं काम. आधी रबर पूर्ण काढा आणि खटका ज्यात अडकतो ती कडीही काढा. दोन्ही जागेवर असताना झाकण स्वतःच्या जागी बसतच नाही, ओढलेल्या जागी बसतं, आणि आपण त्या खोट्या जागेवर स्क्रू आवळतो. माझे तीन रविवार यातच गेले.

दुसरी अडचण अशी की बिजागरीचे स्क्रू झाकण उघडल्यावरच दिसतात. म्हणजे बंद करून जुळवायचं आणि उघडून आवळायचं. उघडताना सगळं पुन्हा सरकतं. यावर उपाय एकच: स्क्रू इतपत सैल करा की झाकण तळव्याने दाबलं तर सरकावं, पण आपणहून सरकू नये. मग पत्त्यांच्या कॅटमधली दहा-दहा पानं एकत्र करा, ती साधारण ३ मिमी भरतात. झाकणाच्या दोन्ही बाजूंना ती फटीत घाला आणि झाकण दाबून बसवा. पानं काढा, दुसऱ्या कुणाला तरी झाकण धरून सावकाश उघडायला सांगा आणि प्रत्येक बाजूचा एकेक स्क्रू हलकेच आवळा. बंद करून पाहा. चार-पाच फेऱ्या होतील. हे एकट्याने करू नका, चिडाल. स्क्रूची भोकं कमी पडत असतील तर बिजागरीचं भोक गोल कानशीने मिलिमीटरभर लांबवा, प्लॅस्टिकचं नको. गाडीला नवीन भोक तर अजिबात पाडू नका. डिकीच्या तळाखाली वायरिंग आणि बॅटरी असते. नारिंगी केबल दिसली तर ती हाय व्होल्टेजची, तिथून हात मागे घ्या.

३ मिमी जास्त वाटते ना? मलाही वाटली होती. डिसेंबरच्या रात्री मी १ मिमीवर बसवलं, आणि एप्रिलमध्ये भर दुपारी झाकण उघडेना. ४०० मिमी लांबीचं एबीएस प्लॅस्टिकचं झाकण ३० अंशांनी तापलं की जवळपास १ मिमी वाढतं. उघडलं तेव्हा कडेचा रंग गेलेला होता.

स्क्रू सैल होतात म्हणून कुणी लॉकिंगचा द्रव लावायला सांगेल. एबीएसला तो लागला तर महिन्याभरात स्क्रूभोवती केसासारख्या चिरा पडतात. मी अनुभवलंय. स्प्रिंग वॉशर टाका, पुरतो. जुन्या रबराचा डिंक काढायलाही थिनर नको, आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा.

उंची जुळवायला झाकणाखालच्या रबरी बुटांखाली पातळ वॉशर घाला. मग कडी परत लावा. खटक्याच्या जिभेला ओलं कुंकू लावून झाकण टेकवा. कडीवर जिथे लाल डाग उमटेल तिथे जीभ आदळते. त्याप्रमाणे कडी सरकवा. दोन बोटांनी दाबल्यावर ‘टक’ व्हायला हवं.

आता रबर. ईपीडीएम फोमची, म्हणजे ऊन-पाणी सोसणाऱ्या स्पंजासारख्या रबराची, पट्टी घ्या. झाकण बंद झाल्यावर १० मिमीची पट्टी दबून ६-७ मिमी राहील एवढीच जाडी निवडा. सांधा बिजागरीच्या बाजूला येऊ द्या, कोपऱ्यावर नको. कागदाची पट्टी दाबून झाकण लावा आणि ओढा. सगळीकडे सारखी अडखळली पाहिजे.

तळाचं पाणी जायचं भोक बुजवू नका, आणि डिकीत चार्जर ठेवत असाल तर हवेच्या फटीही. मी एकदा सिलिकॉनने बुजवलं होतं. आंबट वासाचं सिलिकॉन होतं, त्याने शेजारचे स्क्रूही गंजले.

शेवटी तांब्याने पाणी ओतून पाहा. प्रेशर वॉशर नको, त्याच्यापुढे नवी कोरी गाडीही गळते. खडखड उरली असेल तर झाकण टेकतं तिथे नमद्याची पट्टी चिकटवा. तरीही वाजतंय? मग बहुतेक आतला पाना वाजतोय, तो फडक्यात गुंडाळा.