सिक्स्थ फॉर्ममध्ये मध्येच अभ्यासक्रम बदलताना

इंग्लंडमध्ये सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत, आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) डिप्लोमा सोडून ए-लेव्हल या तिथल्या नेहमीच्या अभ्यासक्रमाकडे वळायचे असेल, तर तो निर्णय बाराव्या वर्षाच्या (इयर 12, म्हणजे या दोनांपैकी पहिल्या वर्षाच्या) पहिल्या सत्रातच घेणे हिताचे ठरते. आयबीत सहा विषयांसोबत विस्तृत निबंध (एक्स्टेंडेड एसे) आणि ज्ञानमीमांसाही (थिअरी ऑफ नॉलेज) असते, तर ए-लेव्हलला बहुतेक विद्यार्थी तीनच विषय घेतात. त्यामुळे ओझे हलके होईल असे वाटते, पण प्रत्येक विषय बराच खोलवर जातो आणि इंग्लंडमधील ए-लेव्हलची लेखी परीक्षा दोन वर्षांच्या शेवटी एकदाच होते, हे विसरू नये.

प्रवेश मागण्यापूर्वी नव्या शाळेचे परीक्षा मंडळ विचारा. एक्यूए, ओसीआर आणि पिअरसन एडेक्सेल या मंडळांचे इंग्रजी व इतिहासाचे नेमलेले भाग वेगळे असू शकतात, आणि झालेला अभ्यास तिथे वाया जातो. गणितात हा प्रश्न फारसा येत नाही.

खरी अडचण यूकासच्या, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाच्या केंद्रीय सेवेच्या, अर्जात येते. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यकीय अभ्यासक्रमांच्या बहुसंख्य जागांसाठी मुदत ऑक्टोबरच्या मध्यावर संपते, आणि अर्जासाठी अंदाजित श्रेणी (अंतिम परीक्षेत अपेक्षित असलेली श्रेणी) देणाऱ्या नव्या शिक्षकांनी तोवर तुमचे काम पुरेसे पाहिलेले नसते. म्हणून जुन्या शाळेतील गुणपत्रके आणि शिक्षकांचे लेखी अभिप्राय निघण्यापूर्वीच मागून घ्या. आधीच्या शाळेचा उल्लेख अर्जातून गाळू नका. बदलामागे आजारपण किंवा स्थलांतर असेल, तर त्याची नोंद शाळेच्या शिफारसपत्रातील विशेष परिस्थितीच्या भागात करायला सांगा. बारावे वर्ष पुन्हा करण्याचा पर्यायही खुला असतो, आणि उशीर झाला असेल तर माझ्या मते तोच अधिक शहाणपणाचा. मात्र वय 19 कडे झुकत असल्यास सरकारी निधीची चौकशी आधी करावी.