रडार, सोनार, इन्फ्रारेडवरून टार्गेट ओळखताय? या चुका टाळा

लॅबमध्ये अठ्ठ्याण्णव टक्के अचूकता, आणि बाहेर नेलं की वस्तू ओळखायला शिकवलेलं एआय मॉडेल म्हशीला जीप म्हणतं. कोल्हापुरातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांकडून सबमिशन तोंडावर आलं की ही तक्रार हमखास ऐकायला मिळते. मग मॉडेलच्या न्यूरल नेटवर्कचे लेअर (थर) वाढवणं सुरू होतं. ते आधी थांबवा. दोष बहुतेक वेळा डेटा कसा घेतला आणि शिकवण्यासाठी (ट्रेन) व तपासण्यासाठी (टेस्ट) कसा विभागला यात असतो.

ट्रेन आणि टेस्टमध्ये एकच सकाळ

रंकाळ्याच्या काठावर थर्मल कॅमेऱ्यानं व्हिडिओ घेतला, फ्रेम सुट्या केल्या, शफल करून (पिसून) ट्रेन आणि टेस्टमध्ये ८०-२० वाटल्या. आता लागोपाठच्या दोन फ्रेमपैकी एक ट्रेनमध्ये गेली, दुसरी टेस्टमध्ये. दोन्हींत फरक जवळजवळ नाहीच, त्यामुळे मॉडेलनं पाठांतर केलं तरी पैकीच्या पैकी मार्क पडतात. वाटणी फ्रेमची नको, दिवसाची किंवा जागेची करा. रंकाळ्यावर शिकवा, पंचगंगा घाटावर तपासा. आकडा खाली येईल. अहवालात तोच लिहा.

सोनारसाठी, म्हणजे पाण्यातल्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वस्तू ओळखण्यासाठी, बहुतेक जण गोरमन आणि सेजनोव्स्की या संशोधकांचा १९८८चा डेटासेट घेतात. त्यात नोंदी फक्त २०८ : धातूच्या नळकांड्याच्या १११, खडकाच्या ९७. वीस टक्के बाजूला काढले तर टेस्टला ४२ उरतात, म्हणजे एक उत्तर चुकलं की अचूकता २.४ टक्क्यांनी हलते. अशा डेटावर ‘आमचं मॉडेल दोन टक्क्यांनी सरस’ या वाक्याला काही अर्थ नाही. शिवाय फाइलमध्ये आधी सगळे खडक, मग सगळी नळकांडी आहेत. शफल न करता शेवटचा तुकडा कापलात तर टेस्टमध्ये खडक एकही येणार नाही. दोन्ही वर्गांचं प्रमाण राखून क्रॉस-व्हॅलिडेशन करा (डेटाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा आळीपाळीनं टेस्टला घ्या), ते वेगवेगळ्या सीडवर (शफलच्या सुरुवातीच्या आकड्यावर) पुन्हा चालवा आणि किमान-कमाल दोन्ही आकडे द्या.

रणगाडा ओळखला की जमीन?

एमस्टार हा सार (सिंथेटिक अपर्चर रडार, म्हणजे विमानातून जमिनीचं चित्र काढणारं रडार) चित्रांचा डेटासेट दहा प्रकारच्या लष्करी वाहनांचा आहे. नेहमीच्या पद्धतीत रडार वरून खाली बघतं त्या १७ अंशांच्या कोनातली चित्रं शिकवायला आणि १५ अंशांची तपासायला घेतात. फरक अवघा दोन अंशांचा, म्हणून तिथले नव्याण्णव टक्के ऐकून हुरळून जाऊ नका. त्यातही एका प्रकारच्या वाहनामागे बऱ्याचदा तीच जमीन असते. तपासणी सोपी आहे : वाहन आणि त्याची सावली झाकून उरलेल्या पार्श्वभूमीवरच मॉडेल शिकवा. दहा वर्गांत अंदाजानं दहा टक्के यायला हवेत. त्याहून बरेच जास्त आले, तर मॉडेल शेत ओळखतंय.

डेटा वाढवायला चित्रं वाटेल तशी उलटीपालटी करणं हीही नेहमीची चूक. सार चित्रात सावली कायम रडारच्या विरुद्ध दिशेला पडते. चित्र त्या दिशेनं उलटवलं की सावली रडारकडे येते, आणि असं चित्र कुठलंही रडार देत नाही.

खोलीत कोणी नाही, तरी माणूस चालतोय

एचबी१०० हा स्वस्तातला डॉप्लर मॉड्यूल १०.५२५ गिगाहर्ट्झवर चालतो. हलत्या वस्तूवरून परतणाऱ्या लहरीची वारंवारता वेगानुसार बदलते, त्या बदलाला डॉप्लर म्हणतात; ताशी एक किलोमीटर वेगाला त्यात सुमारे १९.५ हर्ट्झचं डॉप्लर मिळतं. आता खोलीतली जुनी ट्यूबलाइट बघा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते आणि तिच्यावरून परतणारी लहरही तशीच हलते. १०० भागिले १९.५ म्हणजे ताशी ५.१ किलोमीटर, थेट माणसाच्या चालीचा वेग! १०० हर्ट्झवर फिल्टर लावला तर त्या वेगानं चालणारा खरा माणूसही गिळला जातो. म्हणून आधी ट्यूब आणि पंखा बंद करा, सेन्सर बॅटरीवर चालवा, मगच रेकॉर्डिंग घ्या. आणि माणूस तिरका चालत असेल तर वेग कमी दिसणारच : सेन्सरच्या रेषेशी ६० अंशांत निम्मा.

पाण्यातल्या प्रयोगासाठी हवेतला अल्ट्रासोनिक सेन्सर वापरू नका. वॉटरप्रूफ म्हणून विकला जाणाराही अंतर हवेच्या हिशेबानं काढतो. पाण्यात आवाज चौपटीहून जास्त वेगानं जातो.

इन्फ्रारेडमधला गायब माणूस

गुऱ्हाळावर थर्मल कॅमेरा लावून बघा. चुलाणाचा जाळ फ्रेममध्ये आला की कॅमेऱ्याचा ऑटो-गेन (चित्राची उजळणी आपोआप जुळवणारी सोय) बहुतेक सगळा पल्ला त्या जाळाला देतो आणि शेजारी उभा गुळव्या पुसट होतो. माणूस तोच, तापमान तेच, पिक्सेलचा आकडा मात्र बदलला. शक्य असेल तिथं ८ बिटचं चित्र टाळून कच्चा १४ किंवा १६ बिट डेटा साठवा. ती सोय नसेल तर गेन निदान एका जागी बांधून ठेवा.

वेळेचंही भान ठेवा. सकाळी आणि सूर्यास्ताच्या सुमारास टार्गेट आणि जमीन यांचं तापमान एकमेकांना ओलांडतं. तेवढ्या वेळात उसाची थंड ट्रॉली रस्त्यात विरघळून जाते. आधी मध्यरात्रीचा आणि भर दुपारचा डेटा घ्या, मग या दोन वेळांची चाचणी वेगळी करा. पावसाळ्यातली तर वेगळी हवीच, कारण भिजलेल्या वस्तूंमधला तापमानाचा फरक फार कमी उरतो.

‘यातलं काहीच नाही’ हे उत्तर

तीनच वर्ग शिकवलेल्या मॉडेलला चौथी वस्तू दाखवली तरी ते तिघांपैकी एकाचं नाव घेतं, तेही बऱ्याचदा मोठ्या खात्रीनं. म्हैस जीप होते ती इथं. न शिकवलेल्या वस्तू टेस्टमध्ये मुद्दाम घाला : म्हैस, उसाची बैलगाडी, वाऱ्यानं हलणारं झाड. ‘अनोळखी’ म्हणायची मर्यादा त्यावर ठरवा आणि अचूकतेच्या शेजारी तासाला किती खोटे इशारे आले, तेही लिहा.