जुन्या फॉन्टमधली मराठी फाइल युनिकोडमध्ये आणताना

संस्थेचं इतिवृत्त, आजोबांच्या आठवणी, २५ वर्षांपूर्वीची स्मरणिका. डीटीपीवाल्याने दिलेली सीडी सापडते, फाइल उघडते आणि पडद्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा नुसता खच. फाइल खराब झालेली नसते. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधी रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत: अर्धा स, काना, वेलांटी, रफार. संगणकाच्या लेखी तो मजकूर कधी मराठी नव्हताच. म्हणून त्यात शोध चालत नाही, फोनवर तो वाचता येत नाही आणि अंध वाचकाचा स्क्रीन रीडर तिथे अडतो. एवढ्यासाठी तरी हे काम करायलाच हवं.

मूळ फाइलची प्रत काढा आणि काम प्रतीवरच करा. मग फॉन्टचं नाव शोधा. वर्डमध्ये मजकूर निवडला की फॉन्टच्या चौकटीत नाव दिसतं, तो फॉन्ट संगणकावर नसला तरीही. पीडीएफ असेल तर अ‍ॅडोबी रीडरमध्ये कंट्रोल-डी दाबून फॉन्टची यादी पाहा. नाव जसंच्या तसं उतरवून घ्या. शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी, आकृती, डीव्ही-टीटी सुरेख, प्रत्येकाची आतली मांडणी निराळी. त्यामुळे कन्व्हर्टर, म्हणजे जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्रॅम, त्या फॉन्टचाच हवा. अर्धा मजकूर नीट आणि अर्धा भलताच आला, तर हाताने दुरुस्त करत बसू नका. कन्व्हर्टर चुकलाय, तो बदला.

मजकुरात मधेमधे इंग्रजी शब्द असतील तर रूपांतराआधी त्यांना पिवळा रंग द्या. कन्व्हर्टरला फॉन्टचा फरक कळत नाही, तो इंग्रजीचंही मराठी कडबोळं करतो. ते शब्द नंतर मूळ फाइलवरून परत टाका.

रूपांतरित मजकूर नोटपॅड प्लस प्लसमध्ये घ्या आणि यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याचा प्रकार) म्हणूनच साठवा. एएनएसआय हा जुना प्रकार निवडलात तर सगळ्याची प्रश्नचिन्हं होतात आणि त्यातून परतीची वाट नाही.

आता खरी मेहनत. डोळ्यांना न दिसणाऱ्या चुका आधी काढा. कन्व्हर्टर पुष्कळदा ‘आ’ऐवजी अ आणि काना असे दोन तुकडे टाकतो. ‘अाणि’ दिसायला ठीक, पण ‘आणि’ शोधलं तर सापडत नाही. सगळीकडे बदल करताना क्रम पाळा: पहिल्यांदा ‘ाे’चा ‘ो’ आणि ‘ाै’चा ‘ौ’, मग ‘अो’चा ‘ओ’ आणि ‘अौ’चा ‘औ’, शेवटी ‘अा’चा ‘आ’. शेवटचं आधी केलंत तर ‘ओ’च्या जागी ‘आे’ उरतो.

नंतर पहिली वेलांटी. जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराआधी टाइप होई, युनिकोडमध्ये ती पूर्ण जोडाक्षरानंतर येते. ही उडी चुकली की ‘स्थिती’चं ‘सि्थती’ आणि ‘व्यक्ती’ ऱ्हस्व लिहिलेली असेल तर ‘व्यकि्त’ होतं. वेलांटीला लागून पाय मोडल्याची खूण शुद्ध मराठीत कधीच येत नाही, म्हणून ‘ि्’ एवढंच शोधा. तेच तेच शब्द निघतात. एकेक शब्द धरून फाइलभर बदला.

रफाराचं उलट. तो जुन्या मजकुरात अक्षरानंतर असतो, तो आधी न्यावा लागतो. ‘र्’ आणि पुढे मोकळी जागा असं शोधलं की ‘सवर्’, ‘धमर्’ हाती लागतात. ‘कायर्क्रम’ मात्र वाचूनच सापडतो.

सगळ्यात नाजूक ‘ऱ्य’. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ झालेलं असतं, आणि इथे सरसकट बदल अजिबात करू नका, नाहीतर ‘कार्य’, ‘सूर्य’ही बिघडतील. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरातल्या. आचार्यांना मानपत्र द्यायचं, आचाऱ्यांना शिधा. प्रत्येक ‘र्य’ आणि ‘र्ह’ थांबून पाहा. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट-जे, मग डी, मग तिरकी रेघ दाबली की ‘ऱ्य’ उमटतो.

तारखा, रकमा आणि माणसांची नावं मूळ छापील प्रतीशी ताडून घ्या. एक जण मोठ्याने वाचतो आणि दुसरा पडद्यावर पाहतो, ही जुनी मुद्रितशोधनाची पद्धत इथे सगळ्यात भरवशाची. पुन्हा छापायचं असेल तर पानं लावायचा जुना प्रोग्रॅम पेजमेकर उपयोगाचा नाही, त्याला युनिकोड कळत नाही. इनडिझाइन या नव्या प्रोग्रॅममध्ये वर्ल्ड-रेडी कम्पोझर ही सोय लावल्याशिवाय जोडाक्षरं जुळत नाहीत. मूळ फाइल आणि फॉन्टचं नाव नव्या फाइलशेजारी एकाच फोल्डरमध्ये ठेवा.