मेरिलिन मन्रोवरचा माहितीपट आणि संशोधनाची वही

माहितीपटाच्या संशोधनात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्या आठवड्यात एकच काम देते. 2022 साली नेटफ्लिक्सवर आलेला, एमा कूपर यांनी दिग्दर्शित केलेला ‘द मिस्टरी ऑफ मेरिलिन मन्रो : द अनहर्ड टेप्स’ हा माहितीपट त्यांनी दोनदा पाहायचा, पहिल्यांदा सलग, आणि दुसऱ्यांदा हातात वही घेऊन, थांबत थांबत. वहीच्या पानावर चार रकाने आखायचे: काय सांगितले, कोणी सांगितले, केव्हा सांगितले आणि सांगणाऱ्याला ते कसे कळले. हे काम सोपे वाटते, पण तिसरा आणि चौथा रकाना भरताना बहुतेकांचा हात थबकतो.

हाच माहितीपट निवडण्याचे कारण त्याच्या घडणीत आहे. पत्रकार अँथनी समर्स यांनी 1980च्या दशकात हॉलिवूड अभिनेत्री मेरिलिनच्या परिचितांच्या शेकडो मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या, त्यांच्या आधारे 1985 साली तिचे चरित्र लिहिले, आणि त्या कॅसेटींमधले आवाज या माहितीपटात प्रथमच मोठ्या संख्येने ऐकू येतात. कॅसेटला चित्र नसते, म्हणून दिग्दर्शिकेने नटांना त्या मूळ आवाजांवर ओठ हलवायला लावले आहेत. परिणाम असा होतो की, 1962 सालच्या तिच्या मृत्यूविषयी वीस वर्षांनंतर टेलिफोनवर बोललेला माणूस आपल्याला त्या काळातल्या खोलीत बसून आत्ताच बोलत असल्यासारखा दिसतो. हे तंत्र वाईट आहे असे मी म्हणत नाही, कारण मूळ आवाजांत फार मोठे मोल आहे. परंतु वहीतला ‘केव्हा’ हा रकाना डोळ्यांसमोरून पुसला जातो तो इथेच, आणि संशोधकाने तो पुन्हा आखून घ्यावा लागतो.

निर्विवाद असलेला भाग थोडा आहे. 4 ऑगस्ट 1962च्या रात्री लॉस एंजेलिसच्या ब्रेंटवुड भागात, फिफ्थ हेलेना ड्राइव्हवरील घरात मेरिलिन वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मरण पावली. मानसोपचारतज्ज्ञ राल्फ ग्रीन्सन आणि डॉक्टर हायमन एंगेलबर्ग पहाटे घरी आले, तर पोलिसांना दूरध्वनी गेला तो चार वाजून पंचवीस मिनिटांनी. शवविच्छेदन डॉ. थॉमस नोगुची यांनी केले आणि कॉरोनर (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी) थिओडोर कर्फी यांच्या कार्यालयाने ‘संभाव्य आत्महत्या’ असा निष्कर्ष दिला. वीस वर्षांनी, 1982 साली, लॉस एंजेलिसच्या जिल्हा सरकारी वकिलांच्या कार्यालयाने प्रकरणाचा पुन्हा आढावा घेतला आणि खुनाचा विश्वसनीय पुरावा नसल्याचे सांगितले. समर्स या विषयाकडे वळले ते याच आढाव्याच्या निमित्ताने.

आता वही कशी उपयोगी पडते ते एका नोंदीवरून सांगते. घरातील मदतनीस युनिस मरे यांच्या अधिकृत जबाबानुसार त्यांना पहाटे तीनच्या सुमारास काहीतरी बिघडल्याचे जाणवले. मात्र, घरी सर्वप्रथम पोहोचलेले पोलीस सार्जंट जॅक क्लेमन्स यांनी पुढे असे सांगितले की, मरे यांनी आपल्याला मध्यरात्रीची वेळ सांगितली होती. मधले तीन तास कुठे गेले, हा प्रश्न मग साऱ्या गूढकथेचा कणा होऊन बसतो. नवशिके हे दोन जबाब समोरासमोर मांडतात आणि ‘विसंगती’ असे मोठ्या अक्षरांत लिहितात. मी त्यांना चौथ्या रकान्याच्याही पुढे जायला सांगते. फ्रँक कॅपेल नावाच्या कट्टर साम्यवादविरोधी लेखकाने 1964 साली राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचे भाऊ रॉबर्ट यांच्याकडे बोट दाखवणारी पुस्तिका काढली होती. क्लेमन्स त्याच्या वर्तुळातले होते, आणि 1965 साली एका सिनेटरच्या बदनामीच्या प्रकरणात त्या दोघांवरही आरोप ठेवले गेले होते. यामुळे क्लेमन्स खोटे बोलत होते असे सिद्ध होत नाही. परंतु त्यांच्या वाक्याला निवेदनात किती जागा द्यायची, आणि त्याआधी प्रेक्षकाला काय सांगायचे, हे यावरून ठरते.

कागदपत्रांच्या बाबतीतही हेच आहे. एफबीआय या अमेरिकी तपाससंस्थेच्या मेरिलिनविषयक फाइली आता कुणालाही वाचता येतात, आणि ‘एफबीआयच्या फाइलीत आहे’ हे शब्द निवेदनात फार वजनदार वाटतात. प्रत्यक्षात अशा फायलींत ऐकीव गोष्टींचीही नोंद असते, अगदी कॅपेलच्या पुस्तिकेचीसुद्धा. नोंद झाली याचा अर्थ पडताळणी झाली असा होत नाही.

माझी स्वतःची पहिली मोठी चूक याच जातीची होती. एका जुन्या नटाच्या अकाली मृत्यूवरील लघुमाहितीपटासाठी मी तीन वर्तमानपत्रांची कात्रणे तीन स्वतंत्र पुरावे म्हणून नोंदवली होती. निवेदनाचे ध्वनिमुद्रण झाल्यानंतर लक्षात आले की, तिन्ही बातम्या एकाच वृत्तसंस्थेच्या तारेवरून उतरवलेल्या होत्या. एक चुकलेले वाक्यही तिघांत जसेच्या तसे होते. स्टुडिओ पुन्हा घ्यावा लागला, आणि त्या नटाच्या मुलीला मी आधीच दूरध्वनीवर ते वाक्य वाचून दाखवले होते, याचे मला आजही वाईट वाटते. तेव्हापासून प्रत्येक कात्रणाच्या मागे मी त्याचा मूळ झरा लिहून ठेवते.

शवविच्छेदनाचा भाग विशेष काळजीने हाताळावा लागतो. नोगुची यांनी सुईच्या खुणांसाठी संपूर्ण शरीर भिंगाने तपासले आणि त्यांना खूण सापडली नाही. विषचाचणी मात्र रक्त आणि यकृत यांच्यापुरतीच झाली. जठर व आतड्यांची चाचणी झाली नाही आणि पुढे ते नमुने टाकून देण्यात आल्याने ती करणे अशक्य झाले. संशयाला जागा मिळाली ती या अपुरेपणामुळे. अपुरी तपासणी आणि दडवलेला गुन्हा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यात फरक करणारे वाक्य लिहिता येणे हीच या कामातली खरी कारागिरी आहे, असे मी मानते. समर्स स्वतः माहितीपटाच्या अखेरीस खुनाचा दावा करत नाहीत. केनेडी कुटुंबाशी असलेल्या संबंधामुळे मृत्यूच्या परिस्थितीवर पांघरूण घातले गेले, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. गंमत म्हणून किंवा प्रसिद्धीपुरते त्यापुढे जाणाऱ्या संशोधकाबरोबर मी काम करणार नाही.

तिच्या मृत्यूला कारण ठरलेल्या औषधांची नावे आणि प्रमाण मी वहीत लिहू देते, संहितेत नाही. मेरिलिनच्या मृत्यूनंतरच्या महिन्यात अमेरिकेत आत्महत्यांचे प्रमाण सुमारे 12 टक्क्यांनी वाढल्याचे समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी 1974 साली दाखवून दिले. भारतातही प्रेस कौन्सिलने 2019 साली आत्महत्येच्या बातम्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली असून, पद्धतीचे तपशील देऊ नयेत असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. ही तत्त्वे वर्तमानपत्रांसाठी असली, तरी माहितीपटाच्या संशोधकाने ती वाचलेली असावीत, असा माझा आग्रह असतो.

हक्क, परवानग्या, टाइमकोड (चित्रफितीतल्या क्षणाची वेळ दाखवणारे आकडे) यांची कामे कुणीही दोन महिन्यांत शिकते, त्याबद्दल काळजी करू नये. त्याऐवजी वहीच्या शेवटच्या पानावर एक वेगळी मोजणी करावी: माहितीपटात मेरिलिनच्या मृत्यूला किती मिनिटे दिली आहेत आणि तिच्या कामाला किती. छायाचित्रकार मिल्टन ग्रीन यांच्यासोबत तिने स्वतःची निर्मितीसंस्था काढली होती, मोठ्या स्टुडिओशी वाद घालून चांगला करार मिळवला होता, न्यूयॉर्कला जाऊन ली स्ट्रासबर्ग यांच्याकडे नव्याने अभिनय शिकली होती. नव्या मुलांची वही माझ्याकडे येते तेव्हा मी हे पान सर्वांत आधी उघडते.