द्राक्षबाग बघायला जाताय? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना गाठा
घरच्या लोकांनीच चालवलेल्या, वाइन बनवणाऱ्या द्राक्षबागेत जाणार असाल तर आधी फोन करून विचारा की आजी-आजोबा कधी मोकळे असतात, कारण टूर देणारी पोरं पाठ केलेलं सांगतात, खरी माहिती म्हाताऱ्यांकडे असते. तोडणीच्या दिवसांत मात्र शक्यतो जाऊ नका, म्हणजे युरोप-अमेरिकेत साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर आणि दक्षिण गोलार्धात फेब्रुवारी ते एप्रिल, तेव्हा कुणाला मान वर करायला वेळ नसतो. भेटल्यावर वाइनचं ज्ञान पाजळू नका (फार लोक करतात हे!), सरळ विचारा सगळ्यात जुनी वेल कुठली, छाटणी कुणाकडून शिकलात. वेल म्हातारी झाली की माल कमी धरते, तरी का नाही उपटली असं विचारलंत की मग गप्पा थांबतच नाहीत बघा. परफ्यूम नको, वाइनचा वासच कळत नाही. आणि वेलींच्या ओळींत शिरायच्या आधी परवानगी घ्या, बुटांच्या मातीतून फायलोक्सेरा कीड पसरू शकते, हिनेच १९व्या शतकात युरोपातल्या बागा साफ केल्या होत्या, त्यामुळे जुनी माणसं याबाबतीत कडक असू शकतात. टेस्टिंगला घोट थुंकला तरी कुणाला राग येत नाही.